खारा बनचं हळू गाणं

जे. पी. नगर, बंगलोर
१२ जुलै १९९८, रविवार

सिद्धी,

अनेक आशीर्वाद लिहायला मी तुझ्याहून मोठी नाही, आणि सप्रेम नमस्कार लिहिला तर तू हसशील. तेव्हा नुसतं सिद्धी. पुण्यात काका बरे असतील, स्मिताकाकूही. काकूंना सांग, तुझ्याबरोबर मलाही मराठी शिकवायला त्यांनी घेतलेली मेहनत अगदीच वाया गेलेली नाही. अख्ख्या घरात मराठी पत्र लिहिणारी मी एकटीच उरलेय. गिरीला तर वाण्याची यादीसुद्धा इंग्रजीत लागते.

आमच्याकडे सगळं ठीक. आषाढ चालू आहे, लग्नं बंद, त्यामुळे अप्पांचे सगळे भाड्याचे शामियाने, सतरंज्या, गाद्या, खुर्च्या गोदामात येऊन पडल्यात. गोदाम असं गच्च भरलं की आतला आवाज बाहेर जात नाही, हे तुला मी सांगायला नको. बाहेर गेला नाही की शेजारचे नागराजप्पा काठी आपटत येत नाहीत, आणि नागराजप्पा आले नाहीत की...

जाऊ दे, सांगूनच टाकते. आपला बँड, खारा बन, पुन्हा सुरू झालाय.

दचकू नकोस. तेच चौघं, वजा एक. गिटारवर आमचा गिरी. त्याने दाढी वाढवलीय, लोकांना आता तो माझा मोठा भाऊ वाटतो आणि तो लोकांना तसं वाटू देतो. बेसवर रघुपती. ड्रमवर मी. माइकवर कोणी नाही. तुझा माइक स्टँडसकट जिथे होता तिथेच, तुझ्याच उंचीवर उभा आहे. अप्पांची माणसं शामियाने आणता-नेतानासुद्धा त्याला वळसा घालून जातात. कुणी सांगितलेलं नाही त्यांना.

झालं असं की फत्तेसिंगमामा यंदा त्यांच्या गल्लीतल्या गणपतीचे अध्यक्ष झाले. दर वर्षीच्या ऑर्केस्ट्रावाल्याने दुसरीकडची सुपारी घेतली. मामा घरी येऊन बसले आणि म्हणाले, “ए चंदे, तुमचं ते बन होतं बघ, बेकरीतल्या तिखट पावाच्या नावाचं, तेच आणा की. शामियाना अप्पाचा, पोरं घरची.” मी हो म्हणाले. का म्हणाले ते विचारू नकोस, तोंडातून निघून गेलं. मग मीच गिरीला उठवलं आणि रघूला बँकेत जाऊन गाठलं. ही मेमधली गोष्ट. कार्यक्रम १२ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी; इथले गणपती चतुर्दशीनंतरही चालतात, तुला माहीतच आहे.

आता एक गंमत. म्हणजे मला ती गंमत वाटते की नाही ते नक्की सांगता येत नाही. गिरीने पहिल्या पगारातून सीडी प्लेअर आणि चांगला टेप डेक घेतला. तुमच्या घरच्या टेपवर ऐकून ऐकून आपण ज्या अमेरिकन पोरांची गाणी बसवली, त्यांच्या सीड्या आता इथे मिळतात. त्याने एक आणून लावली. सिद्धी, ती गाणी हळू आहेत! आणि खालच्या सुरात. तू मानेच्या शिरा ताणून जो वरचा सूर गाठायचीस तो मुळात नव्हताच. गिरी म्हणतो, कॅसेटी भरून देणाऱ्या माणसाने घाईत भरल्या, दुसरं काय. आपल्याला एकदासुद्धा शंका आली नाही. उलट टीव्हीवर एक गाणं हळू लागलं तेव्हा तू केबलवाल्याला फोन करून झापलं होतंस. मी शेजारी उभी राहून तुला आणखी काय काय बोलायचं ते सुचवत होते. त्या बिचाऱ्याने माफीसुद्धा मागितली होती.

म्हणून आता आम्ही ती गाणी मूळ वेगात वाजवतो. बरोबर वाजतात. पण बरोबर वाजली की त्यांत जीव नसतो. गिरी म्हणतो सवय होईल. मला वाटतं पळवावीत. पळवली की वाटतं, आता कळलंय तरी कशाला खोटं वाजवायचं? रोज यावरून भांडण.

रघूचंही सांगते. त्याला बँकेने बढती देऊन हुबळीला पाठवायचं ठरवलं होतं. तो साहेबांना “बेड सार” म्हणून आला. नको म्हणाला, सिद्धी! मी म्हटलं, डोकं फिरलं का तुझं? तर म्हणतो, “हुबळीत ड्रमर कोण देतो मला? बिडु, सोड ते. आता बन आहे ना आपलं.” त्याची अम्मा रस्त्यात भेटली की माझ्याकडे न बघता जाते. मी त्याला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, समजत नाही.

मुद्द्यावर येते. सोबत कॅसेट आहे. गिरीची नवी चाल, फक्त गिटार. वेग मुद्दाम मधलाच ठेवलाय, भांडण नको म्हणून. शब्द नाहीत. आपली जुनी गाणी सगळी त्यांच्यासारखी होती, ही एकच चाल आपल्यासारखी वाटते. तिला तुझा आवाज हवा. मी म्हणून बघितलं, तर अप्पांनी आतून विचारलं, “कोण पडलं?” तू शब्द लिही, तिकडेच गा आणि कॅसेट पाठव. आम्ही बाराला तीच लावून तिच्याबरोबर वाजवू. यायलाच हवं असं नाही. गिरी म्हणतो, ‘ये’ म्हणून लिही. मी तसं लिहीत नाही.

तू गेलीस त्याबद्दल बोलायला हे पत्र नाही. गिरीच्या अॅम्पपुढे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून महत्त्वाचं असेल ते माइकवर बोलायचं हा आपला नियम होता. पुण्याची नोकरी घेतल्याचंही तू माइकवरच सांगितलंस, नियमाप्रमाणे. मी म्हणाले होते की जो सोडून जातो त्याचं नाव या गोदामात निघणार नाही. गिरी आणि रघूने ते एक आठवडाही पाळलं नाही. मी आजपर्यंत पाळलंय, म्हणून तुला पत्र घरात बसून लिहितेय, गोदामात नाही.

माझ्या ऑफिसचं विचारू नकोस. सन दोन हजारचं काम. जिथे जिथे वर्षाचे दोन आकडे आहेत तिथे चार करत बसायचं. ई-मेल तिथे आहे, पण आमचा साहेब तो माझ्या आधी वाचतो. फोन करणार होते, पण एसटीडी बूथमध्ये मीटर पळायला लागलं की मी भलतंच बोलते.

उत्तर नको. कॅसेट पाठव.

चंदना

*

जे. पी. नगर, बंगलोर
९ ऑगस्ट १९९८

प्रिय सिद्धी,

हो, प्रिय. खोडणार नाही.

कॅसेट मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती. मी उत्तर नको म्हटलं होतं आणि तू ते शब्दशः घेतलंस. तुझ्या बाबतीत हे मला आधी कळायला हवं होतं.

आम्ही तिघंही गोदामात गाद्यांच्या थप्पीवर बसलो आणि गिरीच्या डेकवर कॅसेट लावली. आधी थोडी खरखर, मग तू. सिद्धी, पहिली ओळ संपेपर्यंत आम्हाला ती तू आहेस हेच पटेना. सूर अगदी बरोबर, गिरीच्या चालीला तंतोतंत लागलेला. पण आवाज! जड, खोल, प्रत्येक शब्द ओढत आणल्यासारखा. तुझा आवाज म्हणजे स्टीलची ताटली पडावी तसा होता. हा कुण्या थकलेल्या बाईचा होता.

आणि शब्द मराठीत. आपण कधी मराठीत गायलोय?

“किल्ली कुंडीखाली आहे, दूध झाकून ठेवलंय,
गल्लीतल्या कुत्र्याला सांगा, मी जेवून गेलेय.”

नुसते कागदावर वाचले तर मी हसले असते. तुझ्या त्या आवाजात ऐकलं आणि हसायचं राहूनच गेलं. अप्पा दोऱ्या मोजायला आत आले होते, ते तसेच उभे राहिले. “ही आपली सिद्धी? काय झालंय गं तिला? घरचं कोण गेलं का?” म्हणाले. रघू म्हणाला, “इल्ला अंकल, तसं काही नाही, असं गायलंय फक्त.” पण त्याचाही चेहरा उतरला होता. शेवटी गाणं संपल्यावर तू क्षणभर रडलीस. की ते रडणं नव्हतं? आम्ही पुन्हा पुन्हा तेवढाच भाग लावला. गिरी म्हणतो हुंदका आहे. रघू म्हणतो खोकला. 

मग मी ड्रमवर बसले. आधी आपल्या नेहमीच्या वेगात सुरुवात केली. मयताच्या घरी कुणी फटाके लावावेत तसं झालं. गिरीच हात वर करून थांब म्हणाला. मी अर्ध्यावर आणलं, मग त्याच्याही अर्ध्यावर. शेवटी दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा राहिली की तिथे काय करायचं ते मला कळेना. मी काठ्या मांडीवर ठेवून नुसती वाट बघत बसायची आणि मग एक ठोका. रघूने बेसची एकच तार धरून ठेवली. आणि गाणं उभं राहिलं. मला पटवून घ्यायचं नव्हतं, पण आपण आजवर केलेल्या सगळ्यांत ते चांगलं आहे.

खारा बनचं हळू गाणं! तुला हे वाचून काय वाटेल? आपण हळू गाण्यांना गॅस उडालेला सोडा म्हणायचो. फत्तेसिंगमामा ऐकायला आले होते. “गणपतीपुढे हे रडगाणं?” म्हणाले. आणि चहा येईपर्यंत म्हणाले, “परत लाव बघू.”

मला तुला सरळ विचारायचंय. तू बरी आहेस का? तिकडे काय झालं? नोकरी? कुणी माणूस? काकूंचं काही? आमच्यापैकी कुणालाच काही माहीत नाही आणि तसं असायला मीच जबाबदार आहे असं गिरी डोळ्यांनी सांगत असतो. तीन वर्षं मी धरून चालले की तू पुण्यात मजेत आहेस. माझा सगळा राग त्याच समजुतीवर उभा होता. आता तू दुःखात असलीस तर तो राग मी कुठे ठेवू? आणि नसलीस तर असं गायलीस कशी? दोन्हींपैकी काय खरं असावं असं मला वाटतंय तेसुद्धा मला ठरवता येत नाही. माझं काय चाललंय तेच समजेनासं झालंय.

परवा कामासाठी चेन्नईला जाऊन आले. अप्पा अजून मद्रासच म्हणतात. सकाळी रांगेत उभी होते, पुढे-मागे सगळे इस्त्रीच्या शर्टातले, छातीशी फायली धरून, आणि माझ्या डोक्यात तुझा तो कुत्रा आणि झाकलेलं दूध. माझा नंबर आला तरी मला ऐकू आलं नाही. मागच्या माणसाने ढकललं.

इथे सगळे खुशीत आहेत. रघू तर पुढच्या वर्षाचंच बोलतो. दहा गाण्यांची कॅसेट काढायची, कॉलेजांतून वाजवायचं, नवीन बेस घ्यायचा. गिरीने दोन नव्या चाली केल्यात. दोघं मला विचारतात, “चंदे, जानेवारीत जमेल ना?” मी ड्रमचे स्क्रू आवळत बसते. स्क्रू एवढे आवळलेत की परवा चामडं फाटलं.

उत्तर दे. या वेळी शब्दशः घे.

तुझी (राग अजून आहे, सापडत नाहीये)
चंदना

*

जे. पी. नगर, बंगलोर
६ सप्टेंबर १९९८

प्रिय सिद्धी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग मी थांबले ती थांबलेच.

म्हणजे बिचाऱ्या कॅसेटवाल्याचा काहीच दोष नव्हता. तुमचा टेपच पळत होता! एकदा तो बिघडला तेव्हा इथल्या, बंगलोरच्या शिवाजीनगरातल्या दुरुस्तीवाल्याने त्यात भलत्याच कंपनीची मोटर बसवली आणि आपण सगळे त्या मोटरच्या वेगाने मोठे झालो. आणि तुला हे गेल्या वर्षीच पुण्यातल्या मेकॅनिकने सांगितलं होतं. तू मोटर बदललीस का नाहीस? ‘नीट केला तर आपली गाणी चुकीची वाजतील’ असं लिहिलंयस. हे वाक्य मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

तरी तुझ्या लक्षात आलं नाही, आणि येणार तरी कसं. त्या टेपवर गिरीची चाल तुला टणाटण पळणारी ऐकू आली, अगदी जुन्या दिवसांसारखी. तू स्वयंपाकघरात नाचत गायलीस, त्याच टेपवर भरलंस, त्याच टेपवर ऐकून बघितलंस. सगळं जिथल्या तिथे. पळत्या टेपवर भरलेलं साध्या डेकवर लागलं की ओढत चालतं, एवढी साधी गोष्ट आमच्या तीन इंजिनियर-बँकवाल्या डोक्यांत आली नाही. तू मजेत आहेस. आहेसच. शेवटी जो हुंदका होता तो काकू मध्येच आत आल्यामुळे तुला फुटलेलं हसू होतं.

गिरीने मित्राच्या डेकवर कॅसेटचा वेग वाढवून आणला आणि तुझा खरा आवाज ऐकवला. ताटली पडली! रघू उड्या मारत होता. ते ऐकल्यावर मी म्हटलं, चला, मग आता फास्टच वाजवू, हळू गाणं म्हणजे चूकच होती.  मग गिरी म्हणाला, “चूक असू दे. मला हळूच हवं.” रघूही तेच म्हणाला. आणि खरं सांगायचं तर मलाही. तुझ्या स्वयंपाकघरात जे नव्हतंच ते आमच्या गोदामात कुठून आलं? आम्ही एवढे दिवस कुणासाठी हळवे होत होतो? तुझ्यासाठी नाही, तू तर नाचत होतीस.

हे मी लिहितेय खरी, पण मला त्याचं उत्तर माहीत आहे. तुलाही आहे. तुझ्या पत्राच्या शेवटी एकच ओळ वेगळी लिहिलीयस: ‘चंदे, चेन्नईला कसली रांग गं?’

तू तिकडे त्याच धंद्यात आहेस. इस्त्रीचे शर्ट, फायली, सकाळची रांग. तुला सांगावं लागायला नको होतं, तरी सांगते. व्हिसाची. मिळाला. न्यू जर्सी, दीड वर्षासाठी म्हणतात. दीड वर्षासाठी गेलेलं आमच्या ऑफिसातलं अजून कोणी परत आलेलं नाही. विमान २७ सप्टेंबरचं.

आणि ऑफर मेमध्येच आली होती. मामा घरी येऊन बसले त्याच्या आधी. मला जायचंय हे माहीत असताना मी ‘हो, बन करू’ म्हणाले, सगळ्यांना गोळा केलं, आणि रघू हुबळीला नको म्हणून आला तेव्हा त्याच्यासमोर तोंड बंद ठेवून बसले. मी असं का केलं? खूप विचार केला. कधी वाटतं, मला जायच्या आधी एकदा हवं होतं. कधी वाटतं, कोणीतरी मला अडवावं म्हणून केलं. आणि कधी वाटतं की सोडून जायला आधी काहीतरी हातात असावं लागतं, नाहीतर आपण गेलो हे कुणाला कळणारसुद्धा नाही. तिन्ही खरं वाटतं, तिन्ही खोटं वाटतं. जायचंय का म्हणशील तर जायचंय. राहायचंय का म्हणशील तर त्यालाही हो. लोकांना हे समजावून कसं सांगतात?

म्हणून तुला पत्र लिहायला बसले होते गेल्या रविवारी. फक्त एवढंच विचारायला, की तू कसं सांगितलंस. पत्र पुढे सरकेना. मग आठवलं की तू कसं सांगितलंस ते मी बघितलंय, तिथेच ड्रमच्या मागे बसून.

गुरुवारी सांगितलं. गाणं संपलं, मी उठले आणि तुझ्या माइकपाशी गेले. ड्रमवालीला माइक नसतो, मला तिथे उभं राहायची सवय नाही. तो तुझ्या उंचीवर आहे, मला टाचा उंच कराव्या लागल्या. बटण दाबलं तर गिरी अप्पांची नक्कल करत म्हणाला, “कोण पडलं?” मी म्हटलं, मी न्यू जर्सीला चाललेय, सत्तावीसला. मेपासून माहीत होतं. एवढंच.  गणपतीचे मांडव लागलेत, निम्मे शामियाने बाहेर गेलेत, त्यामुळे गोदामात घुमतंय आता. माझंच वाक्य मला परत ऐकू आलं.

गिरी गिटारच्या खुंट्या पिळत राहिला. सख्खा भाऊ, एका घरात राहतो, त्यालाही मी सांगितलं नव्हतं. रघू बेस उतरवून माइकपाशी आला. मी बाजूला झाले. नियमाप्रमाणे माइकवर म्हणाला, “हुबळीला दुसरा गेला, चंदना. ती जागा गेली. आता सांगतेस?” आणि बाहेर निघून गेला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याची अम्मा पहिल्यापासून बरोबर होती.

मी ड्रमवर जाऊन बसले. तीन वर्षांपूर्वी तू माइकवर बोलून झाल्यावर अशीच एकटी उभी होतीस आणि मी तुझं पुढचं कुणाला ऐकू येऊ नये म्हणून झांजा बडवत होते. या वेळी झांजा बडवायला कोणी नव्हतं. मी पण बडवल्या नाहीत. तुला तेव्हा पुढे काय बोलायचं होतं, सिद्धी? मला ते ऐकायचंय. उशीर झालाय हे माहीत आहे.

थोड्या वेळाने रघू परत आला. हातात बेकरीचा कागद. गरम खारा बन, चौघांना असायचे तसे चार. सवयीने घेतले असतील. तोंड रागाने फुगलेलंच होतं. माझ्या हातात एक कोंबला आणि म्हणाला, “हन्नेरडक्के इर्तीया, इल्वा?” बाराला आहेस की नाही. मी म्हटलं, आहे. “सरी,” म्हणाला, आणि बेस गळ्यात घालून मोजायलाच लागला, ओंदु, एरडु, मूरु. माझ्या तोंडात घास, काठ्या जमिनीवर. मी उशिरा शिरले. त्या गाण्यात एवढी जागा आहे की उशिरा शिरलेलंही खपलं. पुढचं काहीच मिटलेलं नाही. तो अजून माझ्याशी सरळ बोलत नाही, फक्त मोजतो.

घरी अप्पांना गिरीने सांगितलं. तेही नुसतं “सरी” म्हणाले आणि दोऱ्यांच्या गाठी सोडवत बसले. त्या गाठी उद्या परत मारायच्या आहेत.

तू लिहिलंयस, ‘गिरी काय म्हणतो ते सांगू नकोस. तू स्वतः ये म्हणून लिहिलंस तर मी येते.’ दोन पत्रं मी तो शब्द लिहायचं टाळलं. भीती ही होती की तू आलीस तर बघताक्षणी ओळखशील. आता ओळखण्यासारखं काही उरलेलं नाही. पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय, म्हणजे बुधवारपर्यंत मिळेल.

ये.

माइकची उंची मी बदललेली नाही. कॅसेट लावून वाजवायचं नाही, तू समोर उभी राहून गायचंस. हळू गा किंवा पळव, तू जशी घेशील तसं आम्ही येऊ. मला दोन्ही चालेल. खरंतर चालेल की नाही मला माहीत नाही, पण ये.

आणि येताना तो टेप घेऊन ये. जड आहे, माहीत आहे, तरी आण. मोटर बदलू नकोस. बारा तारखेला शामियान्यात आपण जे काही वाजवू ते त्याच्यावरच भरायचं. मी तिकडे नेईन आणि तिथल्या साध्या टेपवर लावीन. आपण हसत असलो तरी रडल्यासारखं ऐकू येईल, त्याला इलाज नाही. पण पळत्या टेपवर भरलेलं साध्यावर जरा जास्त वेळ चालतं. मला तेवढंच हवंय.

तुझ्यासारखीच,
चंदना